फिरकीच्या तांब्यातली नीरा

गंगाखेड,
२७ जानेवारी २०२६

चिरंजीव बन्सीधर यास, चष्मा पुसून आणि नवी टाकनळी उघडून लिहिलेले मामाचे आशीर्वाद.

या पत्रासोबत सकाळच्या परभणी गाडीने फिरकीच्या झाकणाचा एक पितळी तांब्या पाठवीत आहे. आतून ताजी कल्हई करून घेतली आहे. परभणीच्या स्थानकावर वाहक तो ताडकळसच्या गाडीत ठेवतील. तांब्यात नीरा आहे. ओढ्याकाठच्या शिंदीच्या झाडांची, सूर्योदयापूर्वी उतरवलेली, येथील केंद्रातून मी स्वतः उभा राहून भरून घेतलेली.

प्रयोजन असे. रात्रीच्या गोळ्यांनी तुझे तोंड कोरडे पडते, असा निरोप तुझ्या आईने, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीने, परवा धाडला. नर्मदेला तुझ्या आजाराचे नाव अजून नीट उच्चारता येत नाही. ‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्द ती प्रत्येक वेळी नव्या ठिकाणी तोडते. परंतु दोन वर्षे तू गोळ्या न चुकता घेतो आहेस, कानांतील आवाज गप्प आहेत आणि बाजारपेठेतले तुझे इस्त्रीचे दुकान मानाने चालले आहे, हे तिला उत्तम समजते. मलाही समजते. कपडा हाती येताच तो कोणत्या घरचा हे सांगणारा आणि त्यासाठी कपड्यावर शाईचा ठिपकाही न उमटवणारा माणूस माझा भाचा आहे, हे मी येथे चारचौघांत सांगत असतो.

तेव्हा नीरा रोज प्यावी. ती शीतल आहे, पौष्टिक आहे आणि मद्याशी तिचा काडीचाही संबंध नाही. मद्याविषयी माझे मत तू जाणतोस.

दूरध्वनी करू नये. त्यावर लोक वाक्ये पूर्ण करीत नाहीत.

तुझा,
चंद्रभान मामा


ताडकळस,
२ फेब्रुवारी २०२६

तीर्थरूप मामांस, इस्त्री बाजूला ठेवून, दोन्ही हात रिकामे करून नमस्कार.

तांब्या पोचला. रोज पोचतो आहे, आणि रिकामा परतीच्या गाडीनं धाडतो. दुपारी ताडकळसच्या गाडीचा हॉर्न वाजला की आई ओट्यावर येऊन उभी राहते. झाकण फिरवलं की ‘फस्स’ असा आवाज होतो आणि वर पांढराशुभ्र फेस येतो. आई शेजारणींना बोलावून दाखवते, “बघा, माझ्या दादानं किती ताजी धाडलीय! दूध बी इतकं फेसाळत न्हाई.”

चव पहिल्या दिवशी जराशी आंबट वाटली. आता सवय झाली. खरं सांगायचं तर आवडायला लागली. तांब्याभर प्यायलो की डोळे छान जड होतात आणि दुकानातल्या बाकड्यावर पाठ टेकली तर चार वाजेपर्यंत जाग येत नाही. आई म्हणते, अंगातली उष्णता निघायली.

आपला भाचा,
बन्सीधर

ता. क. : ‘टाकनळी’ म्हणजे फाउंटन पेन ना? पोस्टमनला विचारलं. त्यांनाही माहीत नव्हतं.


गंगाखेड,
६ फेब्रुवारी २०२६

चिरंजीव बन्सीधर यास, समाधानी मामाचे आशीर्वाद.

पत्र वाचून संतोष झाला. फेस हे ताजेपणाचेच लक्षण होय. आंबटपणा हा तुझ्या जिभेचा दोष असावा; गोळ्यांनी चव बिघडते. झोप येते हे उत्तमच.

पुरवठ्यात खंड पडणार नाही. नीरा केंद्रातील मंडळी मला आता चांगली ओळखतात. त्यांच्या दारावरील फलकात चार अशुद्ध शब्द होते. ‘नीरा’ हा शब्द त्यांनी ऱ्हस्व लिहिला होता, ज्या वस्तूवर त्यांचे पोट चालते तोच शब्द! मी पाठपुरावा करून संपूर्ण फलक नव्याने रंगवून घेतला. आता तो निर्दोष आहे. व्यवस्थापक बिचारा काहीतरी सांगू पाहत होता, परंतु त्याचे क्रियापद येईपर्यंत माझी गाडी सुटली असती.

नर्मदेस आशीर्वाद.

चंद्रभान मामा


ताडकळस,
२० फेब्रुवारी २०२६

तीर्थरूप मामांस नमस्कार. आज नमस्कार थोडा वाकडा झाला असेल, कारण मान वर करायला लाज वाटते.

पत्राला उशीर झाला. लिहायला बसलो की काय लिहायचं होतं तेच निसटत होतं.

दुकानात घोटाळे व्हायला लागले आहेत. मागच्या बाजारी शाळेतले हरिओम सर इस्त्रीचा सदरा घालून प्रार्थनेला उभे राहिले. तो सदरा बालाजी पैलवानाचा होता. पोरं म्हणाली, सरांनी राहुटी पांघरली. आणि सरांचा सदरा पैलवानाच्या घरी गेला होता. पैलवान दुकानात आले, सदरा दोन बोटांत धरून म्हणाले, “बन्सी, ह्यात माझा एक दंड जायलाय. बाकीचा मी कुठं ठिवू?” सगळे हसले. मीही हसलो. पण मामा, तो सदरा मी शंभर वेळा इस्त्री केला असेल.

पूर्वी कपडा हातात घेतला की घर डोळ्यांपुढं यायचं, दार, अंगण, दोरी. आता कपडा हातात असतो आणि घर येतच नाही. परवा चांगुणाबाईंनी सांगितलं, “पदराला पाणी मारू नको, आधी उलटी बाजू कर, मग घडी घाल.” तीन गोष्टी. मी पहिली केली, दुसरीला थांबलो, आणि तिसरी काय होती ते विचारायला त्यांच्यामागं पळालो. काल इस्त्री टेबलावर चालू ठेवून चहाला गेलो. टेबलाला तिचा ठसा उमटलाय.

एक गोष्ट आईला सांगितलेली नाही. कानातली मंडळी परत आली आहेत. बोलत नाहीत अजून. नुसतं खाकरतात, जसं दाराआड कुणीतरी उभं राहून आत येऊ का विचारतं. संध्याकाळी जास्त.

काय करू ते कळवा.

बन्सीधर


गंगाखेड,
२३ फेब्रुवारी २०२६

चिरंजीव बन्सीधर यास आशीर्वाद. आज ते नेहमीपेक्षा अधिक पाठवीत आहे, कारण त्यांची गरज आहे.

तुझे पत्र मी दोनदा वाचले. दुसऱ्या वेळी त्यातील चुकांकडे पाहिलेही नाही, यावरून माझ्या काळजीची कल्पना यावी.

कारण माझ्या ध्यानी आले आहे. ज्या घरात मद्य नाही, तंबाखू नाही, वेळच्या वेळी भाकरी आहे आणि वर रोज नीरेसारखे सात्त्विक पेय आहे, तेथे स्मृती ढासळण्यास एकच वस्तू उरते : त्या गोळ्या. त्या निम्म्या कराव्यात असे माझे मत आहे. नर्मदेसही तसे कळवीत आहे.

दुसरे. तापलेली इस्त्री विसरणे ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हे. पाडव्यापर्यंत सुधारणा न दिसल्यास दुकान माझ्या पुतण्याच्या, महारुद्राच्या, हाती सोपवावे आणि तू येथे माझ्याकडे राहावयास यावे. मी महारुद्रास पाडव्याच्या आदल्या दिवशी ताडकळसला जाऊन चावी घेण्यास सांगून ठेवले आहे. हा निर्णय कठोर आहे, हे मी जाणतो.

तिसरे. मन शांत राहावे म्हणून उद्यापासून तांब्या मोठा पाठवीत आहे.

चंद्रभान मामा


ताडकळस,
२८ फेब्रुवारी २०२६

तीर्थरूप मामांस, बसून वाचावे ही विनंती जोडून नमस्कार.

आई गोळ्या अर्ध्या करायला अडकित्ता घेऊनच बसली होती. मी म्हणालो, “आई, ज्यांनी दिल्या त्यांना विचारू, मग तोड.” म्हणून काल परभणीला डॉक्टर निकिता मॅडमकडं गेलो. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून आईनं परभणीच्या स्थानकावरच वाहकाकडून तांब्या मागून घेतला. मॅडमना भेट.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. सदरा ऐकून हसल्या, खाकरणं ऐकून हसल्या नाहीत. मग विचारलं, “दारू घेतोस का?”

मी तोंड उघडायच्या आत आई खुर्चीतून उठली. “मॅडम, आमच्या घरात दारूचा थेंब न्हाई! माझा दादा गुरुजी हाय. भर लग्नात व्याह्याच्या तोंडाला वास आला म्हणून त्यानं पंगत सोडली हुती.”

“बरं, बरं. बसा. मग दिवसभरात काय काय पितो हा?”

“पाणी, चहा आन् मामानं धाडलेली नीरा. तुमच्यासाठी बी आणलीय. लय ताजी हाय, बघा.”

आणि आईनं झाकण फिरवलं. मामा, दुपारचे दोन वाजले होते आणि तांब्या सकाळपासून उन्हातून हिंडत होता. झाकण आईच्या हातातून उडालं आणि वजनकाट्यावर जाऊन पडलं. फेस मॅडमच्या टेबलावर, तिथून नोंदवहीवर, तिथून खाली. खोलीभर वास सुटला. बाहेर बाकावर बसलेल्या एका म्हातारबांनी दार ढकलून आत पाहिलं आणि मोठ्या आशेनं विचारलं, “मॅडम, आता हितं मिळायलीय का?”

मॅडमनी त्यांना बाहेर बसवलं, खिडकी उघडली आणि म्हणाल्या, “काकू, सकाळी ही नीरा होती. आता ही शिंदी झाली आहे. गारव्यात ठेवली नाही की काही तासांत आंबते. तुमचा मुलगा महिनाभर रोज दुपारी तांब्याभर दारू पितो आहे.”

आई खाली बसली. “आन् मी फेस दाखवायला शेजारणी बोलावत हुते,” एवढंच म्हणाली.

मग मॅडमनी मला समजावलं, ते जसंच्या तसं लिहितो. या आजारात लक्ष लावणं आणि ध्यानात ठेवणं आधीच थोडं जड जातं. तू जे करत होतास ते मेहनतीनं करत होतास, फुकट मिळत नव्हतं. दारू नेमकी त्याच जागी जाऊन बसते. निरोगी माणसाचंही डोकं ती मंद करते, पण त्याच्याकडं वाया घालवायला जरा जास्त असतं. त्यात गोळीची झोप आणि दारूची झोप एकमेकींवर चढतात. आणि आवाजांना दार ती उघडून देते. गोळी अर्धी केली असती तर मंडळी खाकरत थांबली नसती, आत येऊन बसली असती.

मी विचारलं, “बंद केल्यावर सगळं परत येईल?”

“बरंच येईल. लगेच नाही. सगळं येईलच असं मी म्हणणार नाही.”

गोळ्या आहेत तशाच ठेवल्या आहेत. नीरा बंद. हेही लिहितो, कारण तुमच्यापासून लपवून उपयोग नाही : गाडीचा हॉर्न ऐकला की अजून जिभेला पाणी सुटतं. मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, त्या वेळेला दुकानात बसू नकोस, कपडे पोचवायला निघ.

येताना गाडीत आई एकदम हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. म्हणाली, “दादाला मी न्हाई सांगत बाबा. तूच लिही. आन् शुद्ध लिही.”

तुम्ही रंगवून घेतलेला तो फलक काय म्हणतो, तेवढं एकदा बघता का?

बन्सीधर


गंगाखेड,
२ मार्च २०२६, सकाळ

चिरंजीव बन्सीधर यास.

तुझ्या पत्रातील विधान मला मान्य नाही. अठ्ठावीस वर्षे विद्यादान केलेल्या, सुपारीदेखील न खाणाऱ्या माणसाच्या हातून भाच्यास मद्य पाजले गेले, हे वाक्य व्याकरणदृष्ट्या शक्य असले तरी वस्तुतः अशक्य आहे.

तरीही मी फलक पाहून आलो. त्यावर असे आहे : ‘नीरा थंड असतानाच व येथेच प्यावी. सोबत नेऊ नये.’ मी त्यातील प्रत्येक अक्षर तपासले होते. वाक्य वाचले नव्हते. व्यवस्थापक ज्या क्रियापदाकडे येत होता, ते बहुधा ‘नेऊ नये’ हेच असावे.

एवढ्यावरून निष्कर्ष काढणे घाईचे होईल. प्रयोग करून पाहतो. तांब्या सकाळपासून अंगणात, उन्हात ठेवला आहे. दुपारी मी स्वतः प्राशन करून परिणामांची नोंद या पत्रातच करीन.

दुपार

झाकण उडाले. तुळशीच्या कुंडीत पडले. चव आंबट असून एकंदरीत वाईट म्हणता येणार नाही. परिणाम शून्य. डॉक्टर बाईंचा तर्क निराधार ठरतो.

थोड्या वेळाने

परिणाम शून्य हे वर लिहिले आहे काय? असल्यास येथे वाचू नये. तांब्या संपला. प्रयोगात अर्धवटपणा मला खपत नाही. बन्सीधर, तू फार गुणी मुलगा आहेस, हे मी तुला पूर्वी कधी सांगितले नाही, कारण प्रसंग आला नाही किंवा आला असता मी त्या वेळी तुझे ऱ्हस्वदीर्घ

दाराला कडी लावली की नाही हे पाहण्यास मी उठलो आणि दारात जाऊन परत आलो, कारण ज्या कामासाठी उठलो होतो ते काम दारात नव्हते. मग पुन्हा आठवले. पुन्हा गेलो. शेजारच्या सुकेशनीबाई कुंपणावरून म्हणाल्या, “गुरुजी, बरं न्हाई का? कवापासून दारात येरझाऱ्या घालायलाव.” मी त्यांस विद्यार्थिदशेतील सहाही समास उदाहरणांसह सांगितले. किती असतात ते मात्र

परिणाम शून्य.


गंगाखेड,
४ मार्च २०२६

चिरंजीव बन्सीधर यास.

मागील पत्र सुकेशनीबाईंनी माझ्या नकळत, सद्भावनेने, पेटीत टाकले. ते फाडून टाकावे.

मला एका दुपारी जे झाले, ते तू महिनाभर सोसून दुकान चालवीत होतास. माझ्या डोक्यात शिल्लक पुष्कळ होती, तरी माझी कडी हरवली. यापुढे तांब्या येणार नाही. निकिताबाईंच्या नोंदवहीबद्दल मी त्यांस स्वतंत्र क्षमापत्र लिहिले आहे.

चंद्रभान मामा


ताडकळस,
२० मार्च २०२६

तीर्थरूप मामांस, पाडव्याचा नमस्कार, एक दिवस शिळा पण नीट घडी घातलेला.

पत्र फाडलं नाही. आईनं देव्हाऱ्याच्या खाली ठेवलंय. म्हणते, दादानं सत्तर वर्षांत पहिल्यांदा कुणाला गुणी म्हटलंय.

आता दुकानाचं. पाडव्याच्या आदल्या दिवशी महारुद्रदादा दारात उभे. तुम्ही त्यांना चावी घ्यायला सांगितलं होतं, आणि नको म्हणून कळवायचं राहून गेलं होतं. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. गुढीला बांधायचे खण, जरीची पातळं, नवे सदरे, सगळ्या गावाचं, संध्याकाळच्या आत हवं असलेलं. दादा म्हणाले, “काकांनी सांगितलंय, चावी घे.”

आई म्हणाली, “माझ्याकडं कशाला बघायलास? चावी त्याची हाय.”

मी म्हणालो, “दादा, चावी देत नाही.”

मामा, तुमच्या शब्दाला मी आजवर कधी नाही म्हटलं नव्हतं.

दादा मोठा श्वास सोडून खाली बसले. “बरं झालं गड्या. मला कुठं इस्त्री येतीय! घरी बायकोला म्हणलं, मी लोकांचे कपडे जाळणार आन् लोक मला.” मग त्यांनीच दिवसभर गठ्ठे पोचवले.

डोकं सगळं परत आलेलं नाही. सकाळी चांगलं चालतं, दुपारी थकतं. म्हणून आता प्रत्येक घराचा एक दोरा ठरवलाय, रंगानं. कपडा आत आला की आधी दोरा, मग बाकी सगळं. सुरुवातीला लाज वाटली. मॅडम म्हणाल्या, मग मीही नोंदवही ठेवू नको का? त्या वहीला अजून वास येतो म्हणे.

एका पातळाचा दोरा गठ्ठ्यातच निसटला होता. किती वेळ हातात घेऊन बसलो, घर आलं नाही. शेवटी चौकात उभा राहून ओरडलो, “हे कुणाचं?” चांगुणाबाई माडीवरून म्हणाल्या, “माझं हाय रे! इतका वेळ कशाला लावलास, आधीच इचारायचं की!” कुणी हसलं नाही. काल सकाळी गावात सगळ्या गुढ्या ज्याच्या त्याच्या कपड्यात उभ्या होत्या. हरिओम सर स्वतःच्या सदऱ्यात होते.

कानातली मंडळी दोन आठवडे झाले खाकरलेली नाहीत. हॉर्न वाजतो तेव्हा मी खालच्या आळीत कपडे पोचवत असतो.

दुकान मी चालवणार आहे. गंगाखेडला राहायला येणार नाही. भेटायला येईन.

बन्सीधर


गंगाखेड,
२३ मार्च २०२६

प्रिय बन्सीधर यास, मामाचे पाडव्याचे आशीर्वाद.

महारुद्र येऊन गेला. तू नाही म्हणालास, हे त्याने मला दोनदा सांगितले आणि दोन्ही वेळा मी ते पुन्हा सांगावयास लावले.

दुकान तुझे आहे, चावी तुझी आहे, आणि ते कधी बंद ठेवावे, कधी उघडावे हे ठरविणे माझे काम नव्हते. पुढे कधी मंडळी खाकरू लागली, तर मला अवश्य कळव. मी आधी ‘डॉक्टरांकडे गेलास काय?’ एवढेच विचारीन आणि उत्तर येईपर्यंत दुसरे वाक्य लिहिणार नाही.

येत्या रविवारी येथील सेवानिवृत्त शिक्षकांच्या मेळाव्यात मला अध्यक्षस्थानी बसावयाचे आहे. गंगाखेडात इस्त्रीवाले आहेत. तरीही या पत्रासोबत सकाळच्या गाडीने माझा पांढरा सदरा आणि धोतर पाठवीत आहे. दुसरा चांगला सदरा माझ्याजवळ नाही. म्हणजे पैलवानाचा आला तर मी पैलवानाच्या सदऱ्यात भाषण करीन, आणि तो कोणी इस्त्री केला असे विचारल्यास तुझे नाव सांगेन.

तू ठरवशील त्या रंगाचा दोरा लाव. शनिवारच्या गाडीने परत धाड. कॉलरला खळ कमी घालावी. मान वळवण्यास थोडी जागा असू दे.

तुझे गिऱ्हाईक,
चंद्रभान मामा